गाऱ्हाण्याआधी एक चमचा लेसिथिन

काउंटरच्या काचेवर नखाने टकटक करायची आणि आत डोकावून विचारायचं, "गाडी लागली काय गो बाय?" ही कंट्रोलरकाकांची पद्धत. दुकानात नवखं गिऱ्हाईक उभं असलं तर ते बिचारं मागे वळून रस्त्यावर कुठली गाडी लागली ते बघायचं. गाडी म्हणजे लेसिथिनचा डबा, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक. मी "लागली" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "अजून नाही" म्हटलं की म्हणायचे, "म्हंजे लेट हाय. रद्द नाय ना?"

रत्नागिरीत आमच्या नाक्यावर मी औषधांचं दुकान टाकलं ते अठ्ठ्याण्णव साली. त्याच साली ते एसटीतून निवृत्त झाले. वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीमागे बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायचे. त्या काळात रत्नागिरीत ज्याने म्हणून एसटीची वाट बघितली, त्याच्या कानात तो आवाज अजून असेल. लांजा, राजापूर, देवरूख, साखरपा, ही नावं ते अशी काही घ्यायचे की ज्याला कुठेच जायचं नाही तोही पिशवी उचलून उभा राहायचा. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. मी कंट्रोलरकाका म्हणायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, नोकरी सुटली तरी नोकरीची भाषा सुटत नाही. कंट्रोलरकाकांना कुणी आजारी आहे असं कळलं की ते विचारत, "डेपोत हाय की मार्गावर?" म्हणजे दवाखान्यात की घरी. रेल्वे तेव्हा नुकतीच पूर्ण सुरू झाली होती आणि सगळं गाव तिच्या कौतुकात होतं. काका तिच्याबद्दल जपून बोलत, सवतीबद्दल बोलावं तसं. "बरी हाय. पन स्टेशन बघ कुठं बांधलान. तिथं जायला पुना एसटीच लागते."

त्यांच्या आवाजाला दुसरं काम होतं ते देवाचं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, कोकणात कुठलंही काम सुरू करताना, नवस फेडताना, पालखी दारात आली की देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ पुढे ठेवून एक जाणता माणूस देवाशी बोलतो, आधी गावातल्या देवांची नावं, मग घरांची, मग ज्या त्या घराचं मागणं. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. हे कुठे लिहिलेलं नसतं. बापाने घातलेलं मुलाने ऐकायचं आणि वेळ आली की उभं राहायचं. आमच्या शेजारच्या वाडीचं गाऱ्हाणं कंट्रोलरकाकांच्या घराकडे होतं.

माझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी ते न बोलावता आले. "नारळ आन," म्हणाले. मी नुकतीच डी. फार्म. होऊन आलेली, पांढरा कोट घालून जरा ताठ्यातच उभी होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि सुरू झाले. "हे बाये जाखमाते, नवलाई पावणाई, वेशीवरच्या म्हापुरसा, चव्हाट्याच्या धन्या! आज ह्या लेकरानं चार बाटल्यांचं दुकान मांडलान हाय!"

"होय म्हाराजा!" रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा ओरडले.

"आजारी मानूस हिच्या दारात येऊंदे!" मी दचकले. हे कसलं मागणं? पण त्यांनी श्वास घेतला होता, वाक्य संपलं नव्हतं. "नि बरा होऊन जाऊंदे! पुना आला तर दंतमंजन न्यायला येऊंदे!"

"होय म्हाराजा!"

माझा ताठा त्या दिवशी तिथेच उतरला. दंतमंजनाचा खप मात्र खरंच चांगला राहिला.

लेसिथिन त्यांच्या आयुष्यात आणलं त्यांच्या मुलाने. तो मुंबईला नोकरीला. गणपतीला येताना त्याने एक डबा आणला, कोलेस्टेरॉलसाठी चांगलं असतं असं त्याला कुणी सांगितलं होतं. तो डबा काखेत मारून काका माझ्याकडे आले. "ह्यावर काय लिवलान हाय ता वाच. नि मराठीत सांग."

मी सांगितलं. सोयाबीनच्या तेलातून निघणारा हा स्निग्ध पदार्थ. आपल्या शरीरातही असतो, प्रत्येक पेशीच्या भिंतीत. शेंगदाण्यात असतो, अंड्याच्या बलकात भरपूर असतो, नावही बलकाच्या ग्रीक शब्दावरूनच पडलंय.

"अंडं?" ते डबा लांब धरून उभे. "मग गणपतीत चालनार नाय."

"हे अंड्याचं नाही काका, सोयाबीनचं आहे."

"देवीच्या शपथेवर सांग."

मी शपथ घेतली. मग एक रिकामी बाटली घेतली, तीत पाणी आणि थोडं गोडेतेल घातलं, खळखळून हलवली आणि काउंटरवर ठेवली. तेल लगेच वर आलं. दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात त्यांच्या डब्यातले पिवळे दाणे थोडे विरघळवले, मग तेल घालून हलवलं. या बाटलीतलं पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं. काका वाकून बघत राहिले. गिऱ्हाईकं आली, गेली, त्यांनी मान वर केली नाही.

"तेल नि पानी एकत्र नांदतंय गो!"

"म्हणून तर बिस्किटात, चॉकलेटात घालतात. पोटात गेल्यावर चरबीचे बारीक कण करायला मदत करतं."

"आमच्या वाडीत दोन भावांचा बांधावरून वाद हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यांच्या चायत घालून बघू काय?"

ती बाटली त्यांनी मागून घेतली. पुढे आठवडाभर ती वाडीत घरोघर फिरली, पालखी फिरावी तशी.

पण कोलेस्टेरॉल हे निमित्त होतं, हे मला नंतर कळलं. डब्याच्या कागदावर स्मरणशक्तीचाही उल्लेख होता आणि काकांचं बोट तिथेच सारखं जात होतं. एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्यांनी बाकावर बसून, आवाज खाली आणून सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एकदा गाडी पुकारताना त्यांना गावाचं नावच आठवलं नव्हतं. कर्णा चालू, फलाटावर माणसं कान टवकारून उभी, आणि तोंडात काहीच नाही. खोकल्याचं सोंग करून त्यांनी वेळ मारून नेली.

"एवढंच ना? माझंही होतं असं," मी म्हटलं.

"तुझं होऊंदे. तुला गाऱ्हानं घालायचं नाय. गाडी चुकली तर दुसरी येते. घर चुकलं तर पुढचा शिमगा वर्षानं. ज्याचं नाव ऱ्हायलं तो वर्षभर म्हननार, कंट्रोलरनं आमाला वगळलान म्हनून म्हैस आटली, म्हनून पोरीचं जमत नाय."

"मग लिहून ठेवा."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी काउंटर पुसायला घेतला. "देवासमोर कागद बघून बोलू? मी काय तलाठी हाय?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. लेसिथिनमधून कोलीन मिळतं, मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन त्यापासून तयार होतं, हे खरं. म्हणून लेसिथिन खाल्लं की विसरलेलं आठवतं, हे मात्र कुणी ठामपणे दाखवलेलं नाही. औषधापेक्षा हा आहारच जास्त. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे डिझेल नाय, वंगन हाय. वंगनपन लागतंच की." मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे दर महिन्याचा डबा नोंदवला.

घ्यायची रीत त्यांनी स्वतःच बसवली. सकाळी पेजेत एक चमचा. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा पाणी होतं, तिथे लेसिथिनचे दाणे काय टिकणार? त्यांचा गोळा व्हायचा. मग ते काचेच्या बरणीत भरून चुलीमागच्या फळीवर ठेवायला मी सांगितलं. चमचा तोंडात टाकला की डोळे मिटून ते पुटपुटायला लागत. आधी देव, मग घरं. बायको भाकऱ्या थापत असायची. तिच्या कानावर रोज सकाळी सगळी वाडी पडायची. तिला मी काकी म्हणायचे. बारीक अंगाची, कमी बोलणारी, पण बोलली की लागेल असं बोलणारी बाई. तिला या पिवळ्या दाण्यांचा मनापासून राग होता. "कोंबड्यांचं खानं," म्हणायची.

एकदा काकांनी ब्लडप्रेशरची गोळी न्यायची थांबवली. विचारलं तर म्हणाले, "आता लेसिथिन हाय ना!" त्या दिवशी मी वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. डॉक्टरांची गोळी ती गोळी, पेजेतला चमचा तो चमचा, एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही, हे मी भर दुकानात त्यांना सुनावलं. ते खाली मान घालून गोळ्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर सांगत होते, "पोरगी कंट्रोलर व्हायच्या लायकीची हाय."

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रसंग श्रावणातला. वाडीत श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मासळी बंद. गाऱ्हाणं ज्याच्याकडे, त्याच्या घरी तर फारच कडक. अशा ऐन श्रावणात काकी माझ्या दुकानात आली. चेहरा लाल.

"खरं सांग गो. ह्यांना बांगडा कोन खायला घालतंय?"

मी उडालेच. काकांच्या अंगाला मासळीचा वास येत होता म्हणे. चांगला घमघमीत. तिने सदरे हुंगले होते, खिसे उलटे केले होते, स्टँडमागच्या खानावळीत जाऊन मालकाला दरडावून आली होती. काका देवीची शपथ घेऊन सांगत होते की मी मासळी पाहिलीसुद्धा नाही. ती विश्वास ठेवायला तयार नव्हती, आणि वासाचा विचार केला तर तिचं काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी मी काकांना गाठलं. "लेसिथिन किती चमचे घेता?"

"चमचा कवाच सोडला. वाटीनं घेतो." शिवाय चार दिवस पोटही बिघडलेलं होतं, हे त्यांनी आता सांगितलं. गणपतीत घरोघर गाऱ्हाणी घालायची होती, म्हणून हा वाढीव खुराक.

मी माझं जुनं पुस्तक काढलं. कोलीन पोटात फार गेलं तर काहींच्या घामाला शिळ्या मासळीसारखा वास येतो, असं त्यात होतं. लेसिथिननेही तेवढं होतं का, याची मला आजही खात्री नाही. पण वाटी बंद करून पुन्हा चमच्यावर आणल्यावर पोट ताळ्यावर आलं आणि थोड्या दिवसांत वासही गेला, हे मात्र खरं. काकीला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "म्हंजे श्रावन मोडला की नाय?"

"सोयाबीनला मासळीचा वास आला, तर देव कुनाला धरील?" काका केविलवाणे होऊन म्हणाले.

"तुमालाच."

त्या वर्षी गणपतीपुढच्या गाऱ्हाण्यात काकांनी एक नवं कलम घातलं. "माझ्या अंगाला जो वास आला, तो माझ्या तोंडचा नव्हं, डब्यातला होता, ता बाबा तू पोटात घाल!" सगळ्या वाडीने हसू दाबत "होय म्हाराजा" म्हटलं. काकीने म्हटलं नाही.

लेसिथिनने त्यांना एकदा खरा मानही मिळवून दिला. वाडीतली एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दूध अडून सारख्या गाठी व्हायच्या, ताप यायचा, बाळ उपाशी रडायचं. डॉक्टरीणबाईंनी शेकायला सांगितलं, बाळाला नेमाने पाजायला सांगितलं आणि सोबत लेसिथिन लिहून दिलं. काही बायकांना त्याने गाठी व्हायच्या कमी होतात, असा त्यांचा अनुभव. माझ्याकडे डबा नव्हता, दरड कोसळून घाट बंद होता. काकांना कळलं. ते घरी जाऊन आपली बरणी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मला माहीत होतं, नवरात्र तोंडावर होतं आणि एकेका चमच्याला ते किती जपत होते. "पोराचं पोट आधी," म्हणाले. मुलीला बरं वाटलं. कशाने वाटलं ते डॉक्टरीणबाईंना विचारा. काका मात्र बारशाला सगळ्यात पुढे बसले होते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. विसरणं वाढत होतं, हे आता नाक्यावर सगळ्यांना दिसायला लागलं होतं. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधायचे. मला कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारायचे. मुलाने मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. लेसिथिनचं विचारल्यावर ते म्हणाले, त्याने हा आजार थांबणार नाही, पण चमचाभर घेतलं तर अपायही नाही. काकांनी त्यातलं "अपायही नाही" तेवढं लक्षात ठेवलं.

मग तो शिमगा आला. सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या चौथऱ्यावर, पालखी बसली होती. मुंबईचे चाकरमानी आले होते, गर्दी दाटलेली. मीही गेले होते. काका धुतलेलं धोतर नेसून उभे राहिले आणि आवाज लागला. तोच आवाज, जरासुद्धा पडलेला नाही. देव झाले, नवलाई झाली, पावणाई झाली. घरं सुरू झाली. पहिलं घर, दुसरं, तिसरं. आणि थांबले.

आम्हाला वाटलं, श्वास घेतायत. तोंड उघडं होतं, हात जोडलेले होते, डोळे पालखीवर होते. काहीच येत नव्हतं. ढोलवाल्यांना वाटलं गाऱ्हाणं संपलं. त्यांनी ढोलावर टिपरू घातलं, ताशा कडकडला, पोरं नाचायला लागली. काका हात हलवून "नाय, नाय" म्हणत होते आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं. त्या माणसाचा आवाज कधी कुणाला ऐकू गेला नाही असं झालं नव्हतं.

बायकांच्या घोळक्यातून काकी निघाली. ढोलवाल्याच्या समोर जाऊन तिने त्याच्या हातातलं टिपरू धरलं. वाजणं थांबलं. मग ती काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, नारळाचं ताट हातात घेऊन, जणू ते द्यायलाच आली होती. खाली बघत हळूच म्हणाली, "खोताच्या मागचं घर."

"खोताच्या मागच्या घरावर तुझी नजर असूंदे बाये!" काका गरजले.

"होय म्हाराजा!"

पुढचं प्रत्येक घर तिने सांगितलं आणि त्यांनी घातलं. पुढे उभ्या असलेल्यांना ते दिसत होतं, मागच्यांना कळलंही नाही. एक म्हातारा कुरकुरला, सहाणेवर बाईमाणूस कशाला. काका त्याच्याकडे वळून म्हणाले, "मग तू घाल." तो मागे सरकला. एकही घर राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी दुकानात आली. मला वाटलं, डबा बंद कर म्हणून सांगायला आली असेल. आधी ती बाकावर बसून पदराने वारा घेत राहिली. मग म्हणाली, "ह्यापुढं डबे दोन माग."

"दोन कशाला?"

"एक मला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मला दोघांचं लक्षात ठेवायचं हाय."

लेसिथिनने स्मरणशक्ती वाढते याला पुरावा नाही, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं होतं. काकीला ऐकवलं नाही. दोन डबे मागवले.

त्यानंतर काका दुकानात यायचे तेव्हा काकी बरोबर असायची, दोन पावलं मागे. काचेवर टकटक व्हायची, पण पुढचं वाक्य यायचं नाही. "काय देऊ काका?" मी विचारायचे. ते लाजल्यासारखे हसायचे. "तूच सांग." मी डबा पुढे ठेवला की तो हातात घेऊन ते उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "हे कशासाठी गो?" काकी म्हणायची, "पेजेत घालायला." "बरं," ते म्हणायचे. एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

एकदा मात्र गंमत झाली. दुकानात बरीच माणसं होती. काका बाकावर बसले होते आणि अचानक, कोणी काही विचारलं नसताना, त्यांनी राजापूरची गाडी पुकारायला सुरुवात केली. वाटेवरचा एकही थांबा चुकवला नाही. ओणीचं नाव घेतल्यावर दारात उभा असलेला एक प्रवासी सवयीने पिशवी सावरून उभा राहिला, मग ओशाळला. कुणी हसलं नाही. गाडी राजापूरला पोचेपर्यंत मी कुणालाच औषध दिलं नाही. मला तेव्हा फार रडू आलं होतं, ते मी आतल्या फळीवरचे खोके आवरण्याच्या निमित्ताने उरकलं.

ते गेले मार्गशीर्षात, झोपेतच. नाक्यावरच्या रिक्षा त्या दिवशी बंद होत्या. वर्ष सरायचं होतं म्हणून पुढच्या शिमग्याला पालखी त्यांच्या दारात आली नाही. वाडीचं गाऱ्हाणं आता त्यांचा पुतण्या घालायला लागला. तो बँकेत शिपाई, साधा, मेहनती माणूस. रोज संध्याकाळी तो काकीकडे जाऊन बसायचा आणि ती भाकऱ्या थापता थापता त्याला घरं सांगायची. मी लेसिथिनचे डबे मागवणं बंद करायच्या विचारात होते. तर काकी येऊन उभी. "माझा डबा?"

"अजून घेता तुम्ही?"

"त्यांचं सगळं माझ्याकडं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "सांभाळायला नको?"

त्याच्या पुढच्या वर्षी पालखी त्यांच्या अंगणात आली. सारवलेलं अंगण, रांगोळी, दारात काकी पाट मांडून उभी. मुलगा मुंबईहून आला होता. पुतण्याने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. देव नीट झाले. त्या घराची वेळ आली, आणि दारात पालखी असली की त्या घराच्या गेलेल्या माणसांचीही नावं घ्यायची असतात. पुतण्या अडखळला, जुनी नावं त्याला ओळीने येईनात. मुलाकडे बघितलं, मुलाने खाली बघितलं. शेवटी पुतण्या हात जोडून बाजूला झाला आणि म्हणाला, "काकी, घरचं गाऱ्हानं तूच घाल."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती पुढे आली. आवाज बारीक होता, पण एकही शब्द चाचरला नाही. "हे बाये जाखमाते, ह्या घराचा मूळपुरुस तुझ्या पायाशी हाय..." आजेसासऱ्यांचं नाव घेतलं. सासऱ्यांचं घेतलं. थोरल्या दिरांचं घेतलं. आम्ही प्रत्येक नावाला "होय म्हाराजा" म्हणत होतो. मग ती थांबली.

मला तो सहाणेवरचा शिमगा आठवला. हिचंही सुरू झालं की काय? पुतण्या पुढे वाकून तिच्या कानाशी काही सांगायला लागला. तिने हाताने त्याला अडवलं.

"इसरले नाय रे," ती म्हणाली. "थांब जरा."

तिच्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अवो, हे, पोरांचे बाबा, एवढ्यावर आख्खा संसार होतो. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, पालखीकडे नाही, घराच्या दाराकडे बघितलं आणि त्यांचं नाव घेतलं. पुरतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्वच्छ आवाजात. अंगणाबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिनेही.